डॉकच्या कॅम्पसाइटवर गाडी घेऊन राहायचं तर

विचारलेलं थोडक्यात असं: एप्रिलच्या शेवटी, मुलीची परीक्षा आटोपल्यावर, चौघं जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर १४ दिवस कॅम्परव्हॅननं फिरणार. नवरा-बायको, ८ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांची आई. क्राइस्टचर्चहून निघून माउंट कुक, टे आनाऊ, मिलफर्ड, वेस्ट कोस्ट, नेल्सन लेक्स असा फेरा मारून परत क्राइस्टचर्च. ‘डॉक’च्या सरकारी कॅम्पसाइट स्वस्त असतात म्हणे, तिथं टॉयलेट-पाणी असतं का, आईला झेपेल का, बुकिंग लागतं का, आणि व्हॅनवरचं ते हिरवं कार्ड काय प्रकार आहे?

मी १६ वर्षं या बेटावर राहतोय आणि तुम्ही लिहिलेल्या वाटेवरच्या बहुतेक कॅम्पसाइटवर गाडीत झोपलोय. आधी जुन्या स्टेशन वॅगनची मागची सीट पाडून, आता व्हॅनमध्ये. माझी आई इथं आली होती तेव्हा तिलाही घेऊन गेलो होतो. म्हणून उत्तर आधी देतो: आईंना झेपेल, आनंदानं झेपेल. फक्त नकाशा उघडून दिवस आखायला बसण्याआधी गाडीतल्या तीन टाक्या समजून घ्या. प्यायच्या पाण्याची, सांडपाण्याची आणि टॉयलेटची. डॉकच्या कॅम्पसाइटवर जागा अप्रतिम मिळते, सोयी मोजक्या मिळतात. कुठं किती रात्री काढायच्या हे त्यामुळे शेवटी या टाक्याच ठरवतात. लोक तळ्यांचे फोटो बघून बेत करतात आणि तिसऱ्या दिवशी टॉयलेटची भरलेली टाकी घेऊन ५० किलोमीटर उलटं जातात. मीही पहिल्या वर्षी गेलोय.

डॉक म्हणजे डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन, माओरी (इथले मूळ रहिवासी) नाव ते पापा आताफाई. १९८७ साली स्थापन झालेलं हे खातं देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन सांभाळतं. गाडी थेट नेता येईल अशा त्यांच्या २०० हून जास्त कॅम्पसाइट आहेत. खात्याचं मूळ काम जंगल आणि पक्षी राखण्याचं. आपल्या मुक्कामाची सोय त्या कामाच्या कडेकडेनं झालेली आहे. कचऱ्याचा डबा का नाही, रस्त्यावर दिवे का नाहीत, कुत्र्याला मनाई का, या सगळ्याचं उत्तर तिथं आहे.

कॅम्पसाइटच्या पायऱ्या आहेत. ‘सर्व्हिस्ड’ ही सगळ्यात वरची: फ्लशचं टॉयलेट, नळ, गरम पाण्याची आंघोळ, स्वयंपाकाचा ओटा, कचरा नेण्याची सोय. अशा फार थोड्या आहेत. त्याखाली ‘सीनिक’ आणि ‘स्टँडर्ड’. तुमचे बहुतेक मुक्काम याच दोन प्रकारांत होतील. टॉयलेट नक्की असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते खड्ड्याचं, म्हणजे ‘लाँग ड्रॉप’. पाणी टाकीचं, ओढ्याचं नाहीतर तळ्याचं. नळावर ‘उकळून प्या’ अशी पाटी असली तर ती खरी माना. इथल्या ओढ्यांचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. सगळ्यात खाली ‘बेसिक’. ती फुकट असते आणि तिथं तुमच्याजवळ जे असेल तेवढंच. पैसे गाडीमागे नसून माणशी लागतात. मुलांना निम्मे, ५ वर्षांखालच्यांना काही नाही. त्यामुळे चौघांचा हिशोब करून बघा. एकट्या माणसाला जेवढी बचत वाटते तेवढी कुटुंबाला होत नाही. पैसे वाचतात म्हणून डॉककडे जाऊ नका. सकाळी दार उघडल्यावर समोर काय असतं त्यासाठी जा.

आता ते हिरवं कार्ड. यात लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा मागून सांगतो. २०११ मध्ये इथं रग्बीचा विश्वचषक होता. व्हॅननं येणारी गर्दी रस्त्याकडेला कुठंही झोपेल आणि झुडपांमागे घाण करील या भीतीनं त्याच वर्षी फ्रीडम कॅम्पिंगचा, म्हणजे पैसे न भरता मोकळ्या सरकारी जागेत मुक्काम करण्याचा, कायदा आला. त्यात ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाणी, सांडपाणी, टॉयलेट सगळं आतच असलेल्या गाड्यांना मोकळीक होती, पण सीटखाली एक पोर्टेबल टॉयलेटचा डबा ठेवला की निळा स्टिकर मिळायचा, आणि तो डबा बरेच जण वापरायचेच नाहीत. २०२३ मध्ये कायदा बदलला. आता टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं, आणि पलंग अंथरलेला असतानाही त्यावर बसता आलं पाहिजे. अशा गाडीची तपासणी होऊन हिरवं कार्ड मिळतं. नियमाची मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत: ३ दिवस पुरेल अशी सोय. प्यायचं पाणी माणशी रोज ४ लिटर, सांडपाण्याची टाकी तेवढीच, टॉयलेटची टाकी माणशी रोज किमान १ लिटर. म्हणजे चौघांसाठी ४८ लिटर पाणी, ४८ लिटर सांडपाणी आणि टॉयलेटची १२ लिटर. कार्डावर किती माणसांची परवानगी आहे तेही लिहिलेलं असतं. चौघांची गाडी घेताय तर चारचंच कार्ड आहे ना, हे बुकिंगच्या वेळी लेखी विचारून घ्या.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. पैसे भरून डॉकच्या कॅम्पसाइटवर राहणं हे फ्रीडम कॅम्पिंग नव्हे. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी साध्या गाडीत किंवा तंबूतही राहता येतं, कारण टॉयलेट तिथलं आहे. काही ठिकाणी मात्र ‘फक्त सेल्फ-कंटेन्ड’ अशी अट आहे; त्या त्या कॅम्पसाइटच्या पानावर ती लिहिलेली असते. दुसरं, हिरवं कार्ड म्हणजे कुठंही गाडी लावायचा परवाना नाही. नगरपालिकेची मनाई असलेल्या जागी रात्र काढली तर कार्ड असूनही दंड होतो, आणि दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो.

आता टाक्या. कॅम्परव्हॅनचं टॉयलेट म्हणजे खाली सरकवलेली एक चपटी पेटी, तिला कॅसेट म्हणतात. साधारण १५ ते २० लिटरची असते. चौघांनी दिवसरात्र वापरली तर दोन दिवसांत भरते. आमच्या घरचा नियम असा आहे की दिवसा बाहेरचं, रात्री गाडीतलं. कॅम्पसाइटवर, चहाला थांबलो तिथं, गावातल्या सार्वजनिक टॉयलेटमध्ये. इथं ती चांगली असतात. अंधार पडल्यावर मात्र आईंना बाहेर पाठवू नका. लाँग ड्रॉप कधी ५० पावलांवर असतो, कधी २०० वर, मध्ये ओलं गवत आणि झाडांची मुळं. पडझड होते ती अशा वेळीच. रात्रीपुरती वापरली तर कॅसेट तीन दिवस सहज जाते. लाँग ड्रॉपमध्ये पाणी नसतं, तेव्हा धुण्यासाठी एक जुनी बाटली आणि हात धुवायचा साबण पिशवीत कायम ठेवा. ओले वाइप्स कुठल्याच टॉयलेटमध्ये टाकायचे नाहीत, ना खड्ड्याच्या, ना गाडीच्या.

कॅसेट रिकामी होते डम्प स्टेशनवर, म्हणजे गाडीतली घाण ओतण्यासाठी केलेल्या जागी. कॅम्पसाइटच्या लाँग ड्रॉपमध्ये ती ओतायची नाही, हे नीट लक्षात ठेवा. त्यातल्या निळ्या रसायनानं तिथलं कुजण्याचं काम थांबतं आणि खड्डाही लवकर भरतो. डम्प स्टेशन बहुतेक गावांत असतं, रस्त्यावर पाटी असते, कॅम्परमेट ॲपवर दिसतं. पहिल्यांदा करताना माणूस बिचकतो, म्हणून सविस्तर सांगतो. रबरी हातमोजे घाला. कॅसेट बाहेर ओढा, आडवी नेऊ नका, मूठ धरून उभी न्या. झाकणाची नळी बाहेरच्या बाजूला फिरवा, झाकण काढून बाजूला ठेवा, कॅसेट कलती करा आणि ओतताना अंगठ्यानं हवेचं बटण दाबून धरा. ते बटण फक्त ओततानाच दाबायचं. दाबलं नाही तर आत हवा जात नाही, पाणी गुडगुडत झटक्यानं बाहेर येतं आणि बुटांवर उडतं. मग अर्धी बाटली पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, असं दोनदा. शेवटी थोडं पाणी आणि रसायन. सगळं मिळून ५ मिनिटं.

तिथं दोन नळ असतात. एक कॅसेट धुण्याचा, त्यावर ‘पिण्यायोग्य नाही’ असं लिहिलेलं, आणि बहुतेक ठिकाणी थोडा दूर दुसरा, प्यायचं पाणी भरण्याचा. एकाची नळी दुसऱ्याला कधीही लावू नका. मी एकदा बघितलंय, एक माणूस प्यायच्या नळाखाली कॅसेटचं तोंड धरून उभा होता. मागे रांगेत असलेल्या माओरी बाई गाडीतून उतरल्या आणि शांतपणे त्याला म्हणाल्या, ‘इथं नाही, बाळा.’ हा मुद्दा इथं निव्वळ आरोग्याचा नाही. माओरी रीतीत ‘तापू’ आणि ‘नोआ’ अशी विभागणी आहे. शरीराच्या घाणीशी संबंध आलेली वस्तू आणि अन्नाची वस्तू एकत्र येऊ द्यायची नाही. भांडी पुसायचा टॉवेल अंगाच्या कपड्यांबरोबर धुवत नाहीत, जेवणाच्या टेबलावर चढून बसत नाहीत. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला लागत नाही. तळ्यात भांडी घासणं, ओढ्यात तोंडातली पेस्ट थुंकणं, सांडपाण्याचा नळ गवतावर सोडून देणं, यानं इथल्या माणसाला काय वाटतं ते तुमच्या आईंना सगळ्यात लवकर कळेल.

सांडपाण्याची टाकी कॅसेटइतकी घाबरवत नाही, पण वास तीच सोडते. कारण फोडणी. तेलकट कढई थेट सिंकमध्ये धुतली की तेल टाकीत जाऊन बसतं, आणि चौथ्या दिवशी सिंकच्या भोकातून जो वास येतो तो जात नाही. आधी कागदानं कढई पुसून काढा, तो कागद कचऱ्याच्या पिशवीत, मग धुवा. पाणीही निम्मं लागतं. फोडणीच्या धुराचा वास गाद्यांना धरतो आणि आतला अलार्म वाजतो, म्हणून शक्य तेव्हा बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडून करा. छोटा कुकर घरूनच घेऊन या. गॅस, वेळ आणि पाणी तिन्ही वाचतं. कचरा घेऊन पुढच्या गावापर्यंत जायचं, कॅम्पसाइटवर डबा नसेल हे धरूनच चालायचं.

या सगळ्याचा मेळ असा बसतो: दोन रात्री डॉक, तिसरी रात्र गावातल्या हॉलिडे पार्कमध्ये. तिथं विजेचा प्लग, गरम आंघोळ, कपडे धुवायचं यंत्र, डम्प स्टेशन, सगळं एका जागी. १४ दिवसांत असे चार-पाच थांबे आले की कुणी कुणावर चिडत नाही.

एप्रिल अखेर जाताय म्हणून एक प्रश्न गाडी भाड्यानं देणाऱ्याला नक्की विचारा: हीटर कशावर चालतो? स्वस्त व्हॅनमध्ये पुष्कळदा फक्त विजेचा पंखा-हीटर असतो आणि तो प्लगला जोडल्याशिवाय चालत नाही. डॉकच्या बहुतेक कॅम्पसाइटवर प्लग नाही. माउंट कुकच्या पायथ्याशी या दिवसांत रात्री पारा शून्याजवळ जातो. आईंना नेताय तर डिझेलवर किंवा गॅसवर चालणारा हीटरच हवा. हा एक खर्च टाळू नका. आम्ही एकदा ‘हीटर आहे’ एवढ्या शब्दावर गाडी घेतली आणि पहिल्याच रात्री कळलं की आहे, पण आज चालणार नाही. मुलाला दोन झोपायच्या पिशव्यांत घालून झोपवलं आणि आम्ही दोघं चहा करत बसून राहिलो. त्या रात्री शेगडी पेटती ठेवून गाडी ऊबदार करायचा मोह होतो, तो आवरा. बंद गाडीत गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. स्वयंपाक करतानाही एक खिडकी उघडी ठेवा. गरम पाण्याची रबरी पिशवी प्रत्येकी एक घ्या, इथं कुठल्याही दुकानात मिळते. केटल आणि मायक्रोवेव्हही प्लगशिवाय चालत नाहीत, हे मुलीला दूध गरम करताना आठवण्यापेक्षा आधीच माहीत असलेलं बरं.

आईंची झोपायची जागा खालची, गाडीच्या मागची. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलीला द्या, तिला तो फार आवडेल, पण कडेची जाळी आहे का ते बघा. चढायला-उतरायला एक घडीचं पाऊलपाट घ्या. व्हॅनची पहिली पायरी गुडघ्यांना उंच पडते. लवकर अंधार पडतो हेही धरा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे तुम्ही याल तेव्हा सहाच्या आत सूर्य गेलेला असेल. दुपारी ४ पर्यंत मुक्कामाला पोहोचायचं. उजेडात सपाट जागा दिसते, टॉयलेट कुठं आहे ते आईंना दाखवता येतं.

बुकिंगचं आता असं आहे की गर्दीच्या कॅम्पसाइट ऑनलाइन बुक कराव्या लागतात, बाकीच्यांवर पहिला येईल त्याला जागा. ही यादी हंगामानुसार बदलते, म्हणून प्रत्येक मुक्काम डॉकच्या संकेतस्थळावर तपासा. एप्रिलमध्ये इथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते आणि २५ एप्रिलला ॲन्झॅक डेची सार्वजनिक सुट्टी. त्या आसपासच्या रात्री आधी पक्क्या करा. जिथं बुकिंग नाही तिथं फाटकापाशी छपराखाली पाकिटं ठेवलेली असतात. पाकिटावर तारीख, गाडीचा नंबर, माणसं, रात्री लिहायच्या, नेमके पैसे आत घालायचे, कडेची चिठ्ठी फाडून गाडीच्या पुढच्या काचेत ठेवायची आणि पाकीट लोखंडी पेटीत टाकायचं. सुटे पैसे द्यायला कुणी नसतं. म्हणून ५ आणि १० च्या नोटा, २ डॉलरची नाणी आणि एक पेन्सिल गाडीच्या खणात ठेवा. पेन्सिल मुद्दाम सांगतोय: पावसात ओलसर झालेल्या पाकिटावर पेन उठत नाही. काही ठिकाणी आता क्यूआर कोडही लावलेत, पण दरीत नेटवर्क नसतं. सकाळी रेंजर चिठ्ठ्या बघत फेरी मारतात. कुणी बघत नसताना भरलेल्या या पैशांवर ती टॉयलेटं स्वच्छ राहतात, त्यामुळे रात्री उशिरा पोहोचलात तरी पेटीपर्यंत चालत जा.

आता वाट. माउंट कुकला व्हाइट हॉर्स हिल. आओराकीच्या (माउंट कुकचंच माओरी नाव) कुशीत, उघड्या माळावर, शेल्टर आणि टॉयलेट असलेली. हूकर दरीची पायवाट तिथूनच निघते. सगळा भाग आओराकी मॅकेन्झी डार्क स्काय रिझर्व्हमध्ये, म्हणजे तारे दिसावेत म्हणून काळोख राखलेल्या भागात येतो, २०१२ पासून. रात्री ९ वाजता सगळ्यांना स्वेटर चढवून ५ मिनिटं बाहेर काढा. पण इथला वायव्येचा वारा आडदांड आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा आणि दार उघडताना हातानं घट्ट धरा; वाऱ्यानं दाराची बिजागरी मोडली तर विमा सहसा हात वर करतो.

टे आनाऊहून मिलफर्डला जाणारा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा, आणि त्यावर ७५ किलोमीटरच्या आसपास कॅस्केड क्रीक. मी या बेटावर एकच डॉकची कॅम्पसाइट निवडायची झाली तर ही निवडीन. मिलफर्डच्या बसगाड्या सकाळी क्वीन्सटाउन आणि टे आनाऊहून निघतात. तुम्ही तेव्हा आधीच निम्म्याहून पुढे असता. सकाळी लवकर निघालात तर होमर बोगद्याच्या अलीकडे तुम्ही आणि धबधबे एवढेच. शिवाय कॅम्पसाइटजवळच लेक गनची पाऊण तासाची फेरी आहे, सपाट, व्हीलचेअरही जाते अशी. शेवाळानं झाकलेलं बीच नावाच्या झाडांचं जंगल आईंना गुडघ्यांना त्रास न होता बघायला मिळेल. टे आनाऊला डिझेल, पाणी भरून आणि कॅसेट रिकामी करूनच निघा. पुढे यातलं काही मिळेल असं धरू नका. मे ते नोव्हेंबर या रस्त्यावर बर्फाच्या साखळ्या लागू शकतात, तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात, तेव्हा निघायच्या सकाळी रस्त्याची स्थिती बघा.

बोगद्यापाशी केआ भेटतील. हिरवा, कावळ्याहून मोठा डोंगरी पोपट, पंखांखाली केशरी. मुलीला वेड लागेल. ते गाडीच्या टपावर उतरतात आणि खिडकीचं रबर, वायपर, अँटेना चोचीनं सोलून काढतात. त्यांना काही खायला द्यायचं नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. ही जात धोक्यात आहे, आणि माणसांकडे खायला मिळतं हे एकदा शिकलेला केआ रस्त्यावर गाडीखाली जातो. वेस्ट कोस्टवर वेका, कोंबडीएवढा तपकिरी पक्षी, उघड्या दारातून आत येऊन पाव उचलून नेतो. चपला रात्री आत घ्या.

आणि सँडफ्लाय, म्हणजे चावणाऱ्या बारीक माश्या. इथलं प्रत्येक नंदनवन यांच्या ताब्यात आहे. माओरींची गोष्ट अशी आहे की तू-ते-राकी-फानोआ या देवानं फिओर्डलंड (मिलफर्ड याच भागात येतं) कोरून इतकं सुंदर केलं की माणसं काम सोडून तिथंच बसून राहतील असं वाटून मृत्युदेवता हिने-नुई-ते-पो हिनं ‘नामू’ सोडल्या. त्या दिवसा चावतात, पहाटे आणि संध्याकाळी जास्त, पावसाआधी सगळ्यात जास्त. काळोख पडला की थांबतात. वारा त्यांना सोसत नाही. गडद कपड्यांवर अधिक बसतात, म्हणून फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे. घोट्याच्या हाडाभोवती मलम लावायला विसरू नका, तिथंच चावतात. तळ्याच्या अगदी काठाऐवजी जरा वारा लागेल अशा मोकळ्या जागी गाडी लावा, मग वाटेवरची बाउंडरी क्रीक असो वा लेक माहिनापुआ, संध्याकाळ सुसह्य जाते.

वेस्ट कोस्टवर पाऊस लागला तर नद्या तासाभरात चढतात. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका, थांबा. कच्च्या रस्त्यांवरच्या कॅम्पसाइटचा मोह होईल, उदाहरणार्थ फॉक्स ग्लेशियरजवळचा गिलेस्पीज बीच. रस्ता अरुंद, खडीचा, वळणांचा. मोठ्या व्हॅननं तुम्ही आणि समोरचा दोघंही अडकाल, आणि भाड्याच्या करारात खडीचे रस्ते बहुतेक वगळलेले असतात. या फेरीत ते सोडा.

एक गोष्ट निघण्याआधीची. विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी कडक असते. ताजा कढीपत्ता आणि मध चालत नाही. बाकी मसाले, लोणची, बिया, दुधाचे पदार्थ, जे काही खाण्याचं असेल ते सगळं फॉर्मवर लिहा. लिहिलेलं नाकारलं तर फक्त जप्त होतं. न लिहिलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. वापरलेले ट्रेकिंगचे बूटही लिहावे लागतात. तळ खरवडून, धुऊन, वाळवून आणा. २००४ मध्ये साउथलंडच्या एका नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि मग ते या बेटाच्या नद्यांत पसरत गेलं. म्हणून एका तळ्यातून दुसऱ्याकडे जातानाही बूट-चपला तपासा, धुवा, वाळवा.

परतीच्या वाटेवर नेल्सन लेक्समध्ये लेक रोटोइतीच्या काठी ‘कर बे’ या कॅम्पसाइटवर दोन रात्री ठेवा. तिथं विजेचे प्लग असलेल्या जागाही आहेत, त्यामुळे आईंना विसावा मिळेल. जंगलातल्या छोट्या फेऱ्या कॅम्पसाइटमधूनच निघतात. बीचच्या काळ्या पडलेल्या खोडांकडे जवळून बघा: केसासारखे बारीक पांढरे धागे लोंबत असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोड थेंब. सालीतल्या किड्याचा तो स्राव, बेलबर्ड आणि टुई हे पक्षी तो चाटतात. पण परदेशातून आलेल्या गांधीलमाश्याही त्यावरच जगतात आणि शरद ऋतूत त्यांची संख्या सगळ्यात जास्त असते. कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर औषध खिशात ठेवा, आणि गोड पेय उघडं ठेवून पिऊ नका. जेट्टीखाली लाँगफिन ईल, म्हणजे सापासारखे मोठाले मासे फिरतात, चांगले मनगटाएवढे जाड. मुलीला फळ्यांवर पालथं झोपवून खाली बघायला सांगा, पाय पकडून ठेवा.

तिथून लुईस पासच्या घाटानं क्राइस्टचर्चला जाताना, घाटाच्या अलीकडे जेवायला थांबायचं असेल तर मार्बल हिल. साधी स्टँडर्ड कॅम्पसाइट आहे, पण कुरणात एक काँक्रीटची बुटकी भिंत दिसेल. अल्पाइन फॉल्टवर, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भूकंपाच्या भेगेवर, जमीन हळूहळू सरकते का हे बघायला १९६४ मध्ये ती बरोबर फॉल्टवर आडवी बांधली. अजून सरळ आहे.

गाडी परत देण्याआधी कॅसेट आणि सांडपाणी रिकामं करा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे लावतात. कुठली व्हॅन बघताय तिचं मॉडेल आणि हीटरचा प्रकार कळवा. त्यावरून माउंट कुकला दोन रात्री ठेवायच्या की एक, ते सांगतो.